मदत हवी आहे: मीठ कमी करूनही वडिलांचा रक्तदाब उतरत नाही

लातूर जिल्ह्यात शेती करणाऱ्या माझ्या 58 वर्षांच्या वडिलांचा रक्तदाब, रोजची गोळी न चुकता घेऊनही, 150/95 च्या आसपास राहतो. ठेचा, लोणचे, पापड बंद करून मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आणले आहे. वजन बेताचे आहे, मधुमेह नाही, मूत्रपिंडाच्या तपासण्याही ठीक आहेत. तंबाखू मात्र सुटलेली नाही (तो वेगळाच लढा आहे). गुडघेदुखीसाठी ते डायक्लोफिनॅक जवळजवळ रोज घेतात, आणि अशा वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ व पाणी साठून रक्तदाब वाढतो, शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणामही कमी होतो, हे वाचल्यापासून माझा मुख्य संशय त्यांवरच आहे. डॉक्टरांची भेट महिनाअखेरीस आहे. तोवर, ही वेदनाशामके थांबवल्यावर कोणाच्या घरी रक्तदाबात फरक पडला का, आणि आमच्या बोअरच्या मचूळ पाण्यातले सोडियमही हिशेबात धरायचे असल्यास ते कुठे तपासून मिळते?