वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक दिवस: मुलांना काय दाखवावे आणि किती?

सत्तरीची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. येत्या डिसेंबरात आमची शैक्षणिक सहल मुंबईला जाणार असून त्यातला एक पूर्ण दिवस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासाठी राखून ठेवला आहे. मुले ४२ आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी अजून गोव्याची वेस ओलांडलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी मी अशीच एक सहल दुसऱ्या एका मोठ्या शहरातील विज्ञान संग्रहालयात नेली होती. दीड तासात आमची सगळी दालने फिरून झाली. मुले एका यंत्राचे बटण दाबत आणि दिवा लागला की पुढच्या यंत्राकडे धावत. परत आल्यावर कोणकोणती यंत्रे पाहिली हे त्यांना सांगता आले, पण त्यांतले एखादे तसे का चालते, हे एकालाही सांगता आले नाही. दोष मुलांचा नव्हता. मी त्यांना तयार करून नेले नव्हते, याची खंत मला अजून आहे.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या दिवसाची आखणी कशी करावी? आणि पणजीजवळ मिरामारला आपले स्वतःचे विज्ञान केंद्र असताना पालकांवर मुंबईच्या खर्चाचा भार टाकणे योग्य आहे का?

म्हापसेकर (निवृत्त, भौतिकशास्त्र)

बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मिरामारचे केंद्र आणि वरळीचे केंद्र ही दोन्ही राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचीच आहेत. त्यामुळे एकाला दुसऱ्याचा पर्याय मानण्यापेक्षा मिरामारची भेट ही मुंबईची पूर्वतयारी मानावी. सहलीच्या महिनाभर आधी मुलांना तिथे अर्धा दिवस न्या. बटण दाबण्याची पहिली हौस तिथेच फिटू द्या, म्हणजे वरळीला पोहोचेपर्यंत ती मुले हाताला आवर घालून पाहायला शिकलेली असतील. मुंबईला मात्र जरूर न्या. तिथला विस्तार इतका मोठा आहे की एखादा विषय दहा वेगवेगळ्या बाजूंनी हाताळता येतो, आणि ते लहान केंद्रात शक्य नसते.

वरळीचे केंद्र टप्प्याटप्प्याने उभे राहिले. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचे प्रदर्शन सुरू झाले, १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात मोकळ्या आवारातले विज्ञान उद्यान मुलांसाठी खुले झाले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. इमारतीच्या आधी उद्यान, हा क्रम तुम्हीही धरावा, कारण ऊन चढण्यापूर्वी उद्यान संपवता येते आणि शरीराचे वजन टाकून, ओढून, झोके घेऊन जे कळते ते दालनातल्या लहान यंत्रांवर कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा, एवढा एकच नियम करा. अंदाज चुकला की मूल थांबते आणि त्याला खरा प्रश्न पडतो. अंदाज लिहिलेलाच नसेल, तर जे घडले ते त्याला स्वाभाविकच वाटते आणि ते पुढे धावते.

अंदाज बांधण्यासाठी मुलांजवळ आधीची थोडी शिदोरी हवी, आणि ती वर्गातच देता येते. आंब्याच्या फांदीला १ मीटर दोरीने एक दगड बांधा. त्याला एका पूर्ण झोक्यासाठी जवळजवळ २ सेकंद लागतात. दगड दुप्पट वजनाचा घेतला तरी वेळ तेवढाच राहतो, आणि पुष्कळ मुलांचा अंदाज इथेच चुकतो. मग दोरी ४ मीटर करा: वेळ चौपट होत नाही, दुप्पट होतो. त्यानंतर दोन खांबांमध्ये आडवी दोरी सैलसर ताणून तिला सारख्या लांबीचे दोन लोलक टांगा आणि एकालाच झोका द्या. थोड्या वेळात पहिला थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. मग दुसरा थांबतो आणि झोका पहिल्याकडे परत येतो. एका दोरीची लांबी बदलली की ही देवघेव जवळजवळ बंद पडते. ज्या मुलाने हे स्वतःच्या हाताने केले आहे, ते विज्ञान उद्यानातल्या जोडझोपाळ्यावर बसेल तेव्हा दुसऱ्या झोपाळ्याची दोरी किती लांब आहे हे आपण होऊन पाहील. ध्वनीच्या दालनाची तयारी करताना घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडे ताणलेले आपले गोव्याचे वाद्य, हाती घ्या. चामड्यावर थाप मारल्यावर मडक्यातली हवाही कशी घुमते, हे सांगायला आपल्या मुलांना पुस्तकाची गरज नाही.

परळचा गोंयकार

बाई, मी मूळचा पेडण्याचा असून गेली २० वर्षे मुंबईत आहे आणि पाहुण्यांच्या मुलांना घेऊन या केंद्रात बऱ्याच वेळा गेलो आहे. म्हापसेकर सरांनी आशय सांगितला, मी व्यवहाराचे सांगतो.

कोकणकन्या एक्सप्रेस तुम्हाला थिवीला मिळेल आणि ती पहाटे मुंबईत पोहोचते. गाडीतून उतरल्यावर मुलांना थेट केंद्रात नेऊ नका. अंघोळ, नाश्ता आणि तासभर विश्रांती झाली नाही तर दुपारी मुले पेंगतात आणि तुमचा दिवस वाया जातो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून आता भुयारी मेट्रो आहे आणि तिचे सायन्स सेंटर हे स्थानक केंद्राजवळच आहे. लोकलने यायचे झाल्यास महालक्ष्मी जवळ पडते. नेहरू तारांगण ही वेगळी संस्था आहे. तेही वरळीतच असल्यामुळे बसचालक कधीकधी तिकडे नेऊन सोडतात, म्हणून चालकाला डॉ. ई. मोझेस मार्ग असे स्पष्ट सांगा. शनिवार-रविवार टाळा. विद्यालयाच्या पत्राने आगाऊ नोंदणी करा आणि शाळांसाठीच्या सवलतीची चौकशी त्याच वेळी करून ठेवा.

आवारात ठेवलेले मारुत हे लढाऊ विमान मुलांना नक्की दाखवा. आपल्या देशात बनलेल्या या विमानाने १९६१ मध्ये पहिले उड्डाण केले. ते जवळून पाहिल्यावर मुलांना पंखांच्या आकाराबद्दल विचारावेसे वाटते, हे मी प्रत्येक वेळी अनुभवले आहे.

फोंड्याची एक आई

माझी मुलगी गेल्या वर्षी अशा सहलीला गेली होती. परत आल्यावर ती म्हणाली, "आई, मला कुठलेच यंत्र हातात मिळाले नाही, मुलगे सोडतच नव्हते." ते ऐकून फार वाईट वाटले. बाई, कृपा करून मुलांचे चार-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक यंत्रापाशी पहिला हात कोणाचा हे आधी ठरवून द्या. मागे उभी राहणारी मुलगी स्वतःहून पुढे सरसावत नाही, तिला कुणीतरी पुढे करावे लागते. ४२ मुलांमागे दोन शिक्षक पुरणार नाहीत, तेव्हा पालकांपैकी तिघा-चौघांना सोबत घ्या.

सत्तरीची शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. फोंड्याच्या ताईंनी लिहिले ते वाचून मी माझ्या जुन्या सहलीचे फोटो काढून पाहिले. यंत्राला हात लावलेली एकही मुलगी त्यांत दिसत नाही. त्या वेळी हे माझ्या ध्यानात आले नव्हते. या वेळी पाच-पाच, सहा-सहा मुलांचे आठ गट करत आहे आणि प्रत्येक गटात पहिला हात कोणाचा, हे दर यंत्राला बदलत जाईल.

सर, कालच विद्यालयामागच्या आंब्याला दोऱ्या बांधल्या. वजनाच्या प्रयोगात ४२ पैकी ३१ मुलांचा अंदाज चुकला आणि मधल्या सुट्टीतही मुले दगड बदलून झोके मोजत होती. एका मुलाने विचारले की दगडाऐवजी पाण्याने भरलेली बाटली टांगली आणि तिला खालून भोक पाडले, तर झोक्याचा वेळ बदलेल का? मी उत्तर दिलेले नाही. सोमवारी तो बाटली घेऊन येणार आहे.

मिरामारच्या भेटीसाठी नोव्हेंबरातला दुसरा आठवडा ठरवला आहे. वरळीला सकाळी उद्यान, जेवणानंतर प्रकाश आणि ध्वनी या दोनच विषयांची दालने, आणि शेवटचा एक तास ज्याला जे यंत्र पुन्हा पाहायचे असेल त्यासाठी मोकळा ठेवणार आहे. बाकीची दालने राहिली तरी चालतील, हे मुख्याध्यापकांना समजावून सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. परळच्या भाऊंना विनंती आहे की नोंदणीचे पत्र पाठवण्यापूर्वी त्याचा मसुदा आपण एकदा नजरेखालून घालावा. उद्या इथेच टाकते.