आधी सेल बदला, मग सेटिंगकडे वळा

तुमच्या जुन्या लॅपटॉपबद्दल तुम्ही दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्यात: तारीख रोज मागे जाते, आणि हल्ली विंडोज सुरू होतानाच निळा स्क्रीन येतो. मला वाटतं, दोन्हींचं मूळ एकच आहे. २०११च्या सुमाराच्या लॅपटॉपात मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) ३ व्होल्टचा सेल संपला की घड्याळ तर बिघडतंच, शिवाय बऱ्याच मॉडेलांत बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंगही मूळपदावर जातात. त्यात साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर गेला, की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. स्क्रीनवरच्या कोडच्या शेवटी ७बी दिसतंय का बघा. दिसत असेल तर विंडोज पुन्हा टाकायच्या फंदात पडू नका, सेल बदलून बायोसमध्ये मोड पुन्हा एएचसीआय करून पाहा.

माझ्या जुन्या लॅपटॉपात रॅमच्या झाकणाखालीच सेल निघाला. सीआर२०३२, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, लाल-काळ्या दोन वायरींचा. नुसता चपटा सेल तिथे बसत नाही, वायरीसकटच मागा. चार्जर आणि मोठी बॅटरी काढल्याशिवाय हात घालू नका, आणि कनेक्टर वायरीला धरून ओढू नका.

बायोस उघडायला लॅपटॉप सुरू होतानाच कळ दाबा: डेल, एसरला एफ२, एचपीला बहुधा एफ१०, लेनोवोच्या थिंकपॅडला एफ१. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, हे कळकळीनं सांगतो. आणि बायोसला कुलूप लावणारा सुपरवायझर पासवर्ड सहज म्हणून टाकू नका. त्या काळच्या थिंकपॅडमध्ये तो वेगळ्या चिपवर राहतो, सेल काढूनही जात नाही.