राजकोटच्या डीलरचा मेल आलाय, खातं बदललंय म्हणून. पैसे टाकू का नको?

उद्यमनगरचा पोरगा:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, समजून घ्या. आमचं शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे, आप्पा गेली तीस वर्षं चालवत्यात, मेल, जीएसटी, बँक हे सगळं मी बघतो. राजकोटच्या एका डीलरकडनं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेतोय. ॲडव्हान्स आधीच दिलाय, आता मशीन निघायच्या आधी ४ लाख ६० हजार टाकायचेत. गेल्या आठवड्यात डिलिव्हरीची तारीख विचारायला मी दोन मेल केले, काहीच उत्तर नाही, आणि आज सकाळी अचानक मेल आला की आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, त्यावर सध्या पेमेंट घेता येत नाही, सोबतच्या पीआयवर (प्रोफॉर्मा इन्व्हॉईस, म्हणजे आगाऊ बिल) नवीन खातं दिलंय त्यावर आजच आरटीजीएस करा म्हणजे उद्या मशीन लोड करतो.

मेल बघितला तर सगळं बरोबर वाटतंय. आमचंच जुनं बोलणं खाली आहे, मी काय विचारलं, त्यांनी मागं काय सांगितलं, सगळं. लोगो तोच, जीएसटी नंबर तोच, रक्कम रुपयाला रुपया बरोबर, खाली साहेबांचं नाव पण तेच. आप्पांनी सवयीप्रमाणं प्रिंट काढायला लावली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले टाक पैसे, उगं मशीन लटकायला नको. मला मात्र कुठंतरी खटकतंय, नेमकं काय ते सांगता येईना. अशा मेलात बघायचं काय असतं? यासाठी कर्ज काढलंय हो, आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

शिरोलीवाला:
भावा, पहिलं थांब. एक रुपया पण टाकू नको, आधी डीलरला फोन लाव. आणि फोन कुठल्या नंबरवर, तर जुन्या. त्यांचं व्हिजिटिंग कार्ड असंल, ॲडव्हान्स दिला तेव्हाचं बिल असंल, तुझ्या मोबाईलात पहिल्यापासनं सेव्ह असंल, त्यावर. आज आलेल्या मेलात किंवा आजच्या पीआयवर छापलेल्या नंबरवर करू नको, कारण तिथं बी चोरांचाच माणूस फोन उचलतो आणि गोड बोलून सांगतो की होय साहेब, खातं बदललंय.

एवढं ठासून सांगतोय कारण माझ्यावर बेतलंय. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, चार वर्षांमागची गोष्ट. आमचं परदेशातलं एक गिऱ्हाईक, सहा वर्षं माल घेत होतं, पैसे द्यायला कधी एक दिवस उशीर केला नाही. एका कंटेनरचे पैसे आले नाहीत म्हणून मी फोन केला तर ते म्हणाले आम्ही तर बारा दिवसांपूर्वी पाठवले, तुम्हीच कळवलेल्या नव्या खात्यावर. माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या नावानं त्यांना मेल गेलेला, आमच्याच लेटरहेडवर, आणि खातं तिसऱ्याच देशातलं. बारा दिवसांत त्या खात्यात काय शिल्लक राहणार.

चोर आमच्या मेलबॉक्समध्ये दोन महिने बसून होता. बसून म्हणजे नुसता वाचत होता. कुठला माल कधी निघतोय, बिल किती, पैसे कधी यायचेत, मी मेलाची सुरुवात कशी करतो, शेवटी काय लिहितो, सगळं त्यानं बघून ठेवलेलं आणि बरोबर पैसे यायच्या आदल्या दिवशी मेल सोडला. म्हणून तुझ्या मेलात रक्कम बरोबर आहे, खाली जुनं बोलणं आहे, याला काडीची किंमत देऊ नको. उलट सगळंच जुळतंय आणि फक्त खातं तेवढं बदललंय, मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

पैशाचं दुःख आहेच, पण ते गिऱ्हाईक तुटलं ते जास्त लागलं. ते म्हणत होते तुमचा मेल हॅक झाला यात आमची काय चूक, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. आप्पांना प्रिंट बाजूला ठेवायला सांग आणि फोन लावून मग इथं लिही, मी बघत बसलोय.

हिंजवडीतला कोल्हापूरकर:
शिरोलीवाल्या दादांनी मुख्य ते सांगितलंच आहे. फोन होईपर्यंत मेल जरा उघडून बघ. मोबाईलवर नुसतं पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, आणि नाव कोणीही काहीही लावू शकतं. नावावर दाबलंस की पूर्ण पत्ता दिसेल. तो पत्ता त्यांच्या जुन्या मेलच्या पत्त्याखाली कॉपी करून ठेव, फॉन्ट मोठा कर आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाच. एक अक्षर जास्त, मधेच एखादी रेघ, एलच्या जागी १ हा आकडा, डॉट इनच्या जागी डॉट को असं काहीतरी सापडतं बहुतेक वेळा. रिप्लाय दाबून बघ (पाठवू नको), उत्तर भलत्याच पत्त्यावर जायला निघालं तर ती पण खूण.

कॉम्प्युटरवर जीमेल असेल तर मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत शो ओरिजिनल आहे, तिथं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असे तीन निकाल दिसतात. फेल असेल तर पैसे टाकायचा विषयच संपला. पण पास दिसलं म्हणून निवांत होऊ नको, लोक इथंच फसतात. मेल त्या डोमेनवरूनच (पत्त्यातला ॲटच्या पुढचा भाग) आलाय एवढंच त्यातून कळतं. चोरानं सारख्या दिसणाऱ्या नावाचं डोमेन स्वतःच विकत घेतलं असेल तर ते पासच होणार, आणि डीलरचा मेलबॉक्सच हॅक असेल तर पत्ता खरा आणि निकाल पण खरा.

आता खात्याचं बघ. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार बँकेची, मग शून्य, मग सहा शाखेची. रिझर्व्ह बँकेच्या साईटवर टाक, शाखा कुठली ते कळेल. राजकोटच्या डीलरचं खातं कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या गावात निघालं तर का, हे विचारायलाच पाहिजे. आरटीजीएस नुसत्या खाते नंबरावर जमा होतं, पूर्वी नाव आपण काहीही टाईप केलं तरी कळायचं नाही. आता रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करायला लावली, त्यामुळं बेनिफिशरी ॲड करताना खरं नाव समोर येतं. कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तर तिथंच थांबायचं. आणि जीएसटी नंबर जुळला म्हणून भुलू नको, २४ म्हणजे गुजरात, पुढची दहा अक्षरं पॅन, हे सगळं खऱ्या बिलावरून उचललेलं असतं. जीएसटी नंबर खरा असला म्हणून खातं त्यांचंच असं होत नाही.

आप्पांना वाईट वाटत असेल तर सांग, गूगल आणि फेसबुकनं २०१३ ते २०१५ मध्ये असेच पैसे पाठवलेत, १० कोटी डॉलरच्या वर. लिथुआनियाच्या एका माणसानं तैवानच्या क्वांटा कंपनीच्या नावानं खोटी बिलं पाठवली होती. क्वांटाशी त्यांचा खरोखरचा व्यवहार होता म्हणून कुणाला शंका आली नाही. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत ५ वर्षांची शिक्षा झाली.

उद्यमनगरचा पोरगा:
फोन लागला. हात अजून थरथरतोय. डीलर म्हणाले आमचं खातं बिलकुल बदललेलं नाही, ऑडिट बिडिट काही नाही, आणि असा मेलच आम्ही केला नाही.

पत्ता बोट ठेवून वाचला. त्यांच्या डोमेनमध्ये मशीन शब्द आहे, त्यातला पहिला एम आहे ना, तो एम नाहीच, आर आणि एन शेजारी शेजारी आहेत. बारीक अक्षरात तो एमच दिसतो. प्रिंटवर पण एमच दिसत होता, आप्पांनी भिंग आणून बघितलं तेव्हा कुठं मधली फट दिसली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पेनानं त्या दोन अक्षरांना गोल केला आणि कागद माझ्या हातात दिला.

आता प्रश्न असा की चोराला आमचं बोलणं मिळालं कुठनं? डीलर म्हणतोय आमच्याकडं सगळं ठीक आहे.

राजारामपुरीची ताई:
मी सीए ऑफिसमध्ये काम करते, तुमच्यासारखी पाच-सहा युनिटं आमच्याकडं आहेत, म्हणून विचारते. मागच्या महिना-दोन महिन्यांत कुठली कोटेशन किंवा ड्रॉईंगची फाईल आली होती का, उघडल्यावर ईमेलचा पासवर्ड परत टाका म्हणणारी? फाईलच्या नावाच्या शेवटी एचटीएमएल असतं, उघडलं की हुबेहूब लॉगिनचं पान येतं, आपण पासवर्ड टाकतो, काहीच उघडत नाही आणि आपण विसरून जातो. आमच्या दोन क्लायंटचं असंच झालं. असं काही झालं असेल तर गळती तुमच्याकडंच आहे.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे पण तुमच्यासारख्यांना रोज येतात म्हणून लिहिते. इन्कम टॅक्सचा रिफंड मंजूर झालाय, लिंकवर खातं भरा असा मेल आला की तो खोटाच समजा. रिफंड पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या खात्यावर आपोआप येतो, खातं बदलायचं तरी आपण स्वतः पोर्टल उघडून बदलायचं. नोटीस आली तर घाबरून लिंक दाबू नका, १ ऑक्टोबर २०१९ पासून इन्कम टॅक्स खात्याच्या पत्रावर डीआयएन (त्या पत्राचा ओळख नंबर) असतो, तो ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) तर फुकट आहे, तिचे पैसे मागणारा मेल आला की डिलीट. बँकांच्या साईट पण आता डॉट बँक डॉट इनवर गेल्यात, रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, तेव्हा बँकेच्या नावानं दुसरं काही दिसलं तर दोनदा बघा.

उद्यमनगरचा पोरगा:
ताई तुम्ही म्हणताय तसंच झालंय. साधारण महिन्यापूर्वी ड्रॉईंग म्हणून फाईल आलेली, पासवर्ड मागितला, मी टाकला, उघडली नाही म्हणून सोडून दिली. मीच केलं म्हणजे हे सगळं. आप्पांना अजून सांगितलं नाही, संध्याकाळी सांगतो.

हिंजवडीतला कोल्हापूरकर:
आजच सांग, आणि मनाला लावून घेऊ नको, ती पानं फसवायलाच बनवलेली असतात. आता क्रमानं कर. पासवर्ड बदल, सगळ्या डिव्हाईसवरून साईन आऊट कर, टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर, रिकव्हरीचा फोन आणि मेल तुझाच आहे ना बघ. मग कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बघ आणि त्याच्याशेजारी फिल्टर (आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते नियम) बघ, मोबाईलच्या ॲपात फिल्टर दिसत नाहीत. नुसता पासवर्ड बदलला आणि हे तसंच राहिलं तर तुझे मेल चोराकडं जातच राहतील.

शिरोलीवाला:
आणि तक्रार कर. पैसे गेले नसले तरी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर करता येते, तो खाते नंबर तिथं टाक, उद्या दुसरं कोणतरी त्याच खात्यावर पैसे टाकायला निघालं असंल. पैसे गेले असते तर पहिल्या मिनिटाला १९३० हा सायबर हेल्पलाईनचा नंबर लावायचा. ते समोरच्या बँकेला कळवत्यात, खात्यात शिल्लक असंल तेवढी अडवून ठेवत्यात, पुढं दुसऱ्या खात्यात गेली असंल तर त्या बँकेच्या मागं लागत्यात. चोर काही तासांत पैसे चार ठिकाणी फिरवतो म्हणून वेळ घालवायचा नाही. डीलरला पण सांग, त्याच्या बाकीच्या गिऱ्हाईकांना कळवू दे.

उद्यमनगरचा पोरगा:
फॉरवर्डिंग रिकामं होतं. पण फिल्टर निघाला एक, मी कधीच न बनवलेला. डीलरच्या खऱ्या पत्त्यावरून काहीही आलं की इनबॉक्समध्ये दाखवू नको, वाचलेलं धर आणि डिलीट कर असा. ट्रॅश उघडला तर गेल्या आठवड्यातल्या माझ्या दोन्ही मेलची उत्तरं तिथं पडलीत. दुसऱ्या उत्तरात त्यांनी लिहिलंय की मशीन तयार आहे, पेमेंट नेहमीच्याच खात्यावर करा, आणि काही अडचण असेल तर फोन करा, तुमचं उत्तर येईना म्हणून काळजी वाटते.