मदत हवी आहे: 'सुरक्षित जागा' कल्पनाचित्राने क्लायंटची धास्ती कमी होण्याऐवजी वाढते आहे

गोदातीर
समुपदेशन करणाऱ्यांकडून मदत हवी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिशीतली क्लायंट, आयटीत नोकरी. दर सोमवारी सकाळी 10 ला रिव्ह्यू कॉल असतो. रविवार दुपारपासून पोटात गोळा, रात्री झोप नाही, कॉलवर बोलायची पाळी आली की आवाज बसतो. डॉक्टरी तपासण्या नॉर्मल आहेत. तीन सत्रं 'सुरक्षित जागा' घेतली: डोळे मिटून, समुद्रकिनारा, लाटा, मऊ वाळू, 15 मिनिटं. अस्वस्थता 0 ते 100 च्या मोजपट्टीवर सुरुवातीला 55 होती, शेवटी 70. घरी ऐकायला रेकॉर्डिंग दिलं, ते दोनदा ऐकून तिने सोडून दिलं. चुकतंय कुठे?

अनुस्वार
55 चे 70 होणं ही ओळखीची गोष्ट आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सतत सावध राहणाऱ्या माणसाला 'सैल सोडा' म्हणणं म्हणजे पहारा उठवायला सांगणं. त्यात डोळे मिटलेले, म्हणजे लक्ष सगळं छातीच्या ठोक्यांकडे. डोळे उघडे ठेवा, नजर समोरच्या फरशीवर, पावलं जमिनीला टेकलेली. वेळ 3-4 मिनिटं, बास. शरीर सैल करण्याच्या सूचना सध्या पूर्ण बंद.

दुसरं जास्त महत्त्वाचं. समुद्रकिनारा तुमचा आहे, तिचा नाही. तिने स्वतःची प्रतिमा पहिल्याच वाक्यात दिली होती: पोटात गोळा. रोजच्या बोलण्यातलं म्हणून आपण ते ओलांडून पुढे जातो. छातीवर दडपण, डोक्यावर टांगती तलवार, जीव टांगणीला, मानगुटीवर बसलंय. मराठी माणूस चिंता सांगतो तीच मुळी चित्रातून. डेव्हिड ग्रोव्ह यांनी 1980 च्या दशकात क्लायंटच्या रूपकांसोबत काम करायची जी प्रश्नपद्धत बसवली, ती इथे चपखल बसते. प्रश्न साधे असतात: गोळा नेमका कुठे आहे? आत कुठे? कशा प्रकारचा गोळा? आणखी काही? गोळा येण्याच्या अगदी आधी काय होतं? आणि शेवटी: गोळ्याला काय व्हायला हवं आहे?

तिचा शब्द जसाच्या तसा वापरायचा. ती 'गोळा' म्हणाली आणि तुम्ही 'म्हणजे ताण' म्हणालात की चित्र विझलंच. अर्थही लावायचा नाही. 'हा गोळा म्हणजे तुमचे वडील का?' असला प्रश्न तोंडून जाऊ देऊ नका.

पिंपळपान
यात एक भर. कॉलचा प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगाल तेव्हा विचारा: 'तुमच्या डोळ्यांतून दिसतंय, की तुम्ही स्वतःलाच बाहेरून बघताय?' सामाजिक भीतीबद्दल क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांच्या 1995 च्या मांडणीत हा कळीचा मुद्दा आहे. लोकांसमोर बोलायची भीती असलेला माणूस स्वतःला बाहेरून बघतो. लाल झालेला, अडखळणारा, खऱ्यापेक्षा कितीतरी वाईट दिसणारा. व्हिडिओ कॉलवर तर आपला चौकोन समोरच असतो. तो लपवायला सांगा आणि कल्पनेतही नजर पडद्यावरच्या इतरांकडे वळवा.

गोदातीर
दोघांचे आभार. या आठवड्यात डोळे उघडे ठेवून विचारलं. उत्तर आलं: 'कणकेचा गोळा. वरून सुकलाय, आत ओला आहे. झाकायचा राहिला.' काय व्हायला हवं, तर 'ओलं फडकं'. तिने हात पोटावर ठेवला आणि आकडा 60 वरून 35 वर आला. बाहेरून दिसण्याचा मुद्दाही बरोबर निघाला. आता हे सोमवारपर्यंत न्यायचं कसं? रोज किती वेळा? कॉल छान झाल्याचं चित्र रंगवायला सांगू का?

अनुस्वार
फडकं तिचं तिला सापडलं, फार छान झालं. आता त्यात 'फडकं थंडगार आहे, निळं आहे' अशी भर घालू नका.

छान झालेल्या कॉलचं चित्र नको. फॅम आणि टेलर यांच्या 1999 च्या प्रयोगात चांगल्या गुणांचं चित्र रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा अभ्यास करतानाची कृती डोळ्यांसमोर आणणाऱ्यांचे गुण चांगले आले. म्हणून कृती घ्या, आणि अडखळण्याची जागा मुद्दाम ठेवा: लिंकवर क्लिक, नाव पुकारलं जातं, आवाज बसतो, हात पोटावर, फडकं, पाण्याचा घोट, पहिलं वाक्य. ते वाक्य खरोखर मोठ्याने म्हणवून घ्या. अडखळणं गाळलं तर प्रत्यक्षात पहिल्याच अडखळीला सगळं कोसळतं.

थेट सोमवारवर उडी नको. भीतीला पायरीपायरीने सामोरं जायच्या वोल्पेंच्या 1958 च्या पद्धतीसारखी उतरंड करा: कॅलेंडरमधलं निमंत्रण दिसणं, रविवारची संध्याकाळ, लिंक, नाव पुकारणं. सर्वांत सोप्यापासून सुरुवात. एका पायरीवर आकडा 20-25 च्या आसपास स्थिरावला की पुढची. घरी दिवसातून दोनदा, प्रत्येकी 5 मिनिटं पुरतात. रविवारी रात्री अंथरुणात नको. अंथरूण आणि कॉल यांची सांगड बसायला नको.

सई_लेखणी
चित्र दिसतच नाही अशांचं काय?

पिंपळपान
काहींना खरोखर दिसत नाही. ॲडम झेमन यांनी 2015 मध्ये त्याला ॲफॅन्टेशिया हे नाव दिलं. लिंबू कापून जिभेवर पिळल्याची कल्पना करायला सांगा. चित्र नसतानाही तोंडाला पाणी सुटलं, तर स्पर्श, चव, वजन यांवर काम करता येतं. नाहीतर हातात माती किंवा कागद-खडू द्या.

गोदातीर, दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. ती मध्येच सुन्न झाली, उत्तरं तुटक यायला लागली किंवा जुना आघात डोळ्यांसमोर जिवंत झाला, तर चित्र तिथेच सोडा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. आघाताचं काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्याकडेच जायला हवं. भास किंवा उन्मादाची लक्षणं असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. आणि त्या कॉलवर नेमकं काय बोललं जातं, हे तिला शब्दशः विचारलंत का? तिथे दर आठवड्याला सगळ्यांसमोर अपमान होत असेल, तर गोळा खरं तेच सांगतोय. मग फडक्याआधी तक्रार, टीम बदलणं, रजा यांवर बोलावं लागेल.

गोदातीर
शब्दशः विचारलेलं नाही. पुढच्या सत्राची सुरुवात तिथूनच करते.