चकव्याच्या सिनेमात भूत दाखवावं का?

रानवाट : गोष्ट अशी. 1847 चा पावसाळा, इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे अजून फरार (पंढरपुरात सापडले ते जानेवारी 1848 मध्ये). त्यांच्या शोधात कंपनीची एक तुकडी हरिश्चंद्रगडाच्या रानात शिरते आणि तिला चकवा लागतो. माझं म्हणणं, भूत दाखवूच नये. चकव्याला चेहरा नसतोच, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो एवढंच. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी जीपीएस लावून लोकांना रानातून चालवलं. सूर्य ढगाआड असला की ते गोल फिरत, आणि स्वतःला वाटे सरळच चाललोय. आषाढातल्या रात्री आणखी वेगळं भूत कशाला?

तिसरी घंटा : कागदावर ठीक आहे हो, पडद्यावर फसेल. रान सगळीकडे सारखंच दिसतं. तुकडी त्याच जागी परत आली हे प्रेक्षकाला कळलं नाही, तर ती नुसती पायपीट. खूण लागते. पहिल्या फेरीत निवांत दाखवायची, दुसऱ्या फेरीत उलट्या बाजूने, तिसऱ्यांदा फ्रेमच्या कोपऱ्यात दिसली तरी काम होतं. दोनशे मीटर वाटेत सगळं भागेल.
आणि दिवसा शूट करून नंतर रात्र करायचा मोह आवरा. आभाळ फ्रेमबाहेर ठेवता येतं, पण एक्स्पोजर दोन स्टॉप उतरवलं, म्हणजे उजेड चौथाईवर आणला, की मशाल अगदीच फिकी पडते, आणि तुमच्या काळात उजेड म्हणजे मशालच. पावसालाही मागून लाइट द्यावा लागतो, नाहीतर धारा कॅमेऱ्यात दिसतच नाहीत.

रानवाट : खूण म्हणून शेंदूर फासलेला दगड ठेवू.

डांगाणकर : कुणाचा दगड? त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले असतील तर तो वाघोबा. महादेव कोळी, ठाकर वाघबारशीला त्याला पुजतात, तो राखणदार आहे. शहरातून येऊन त्याचं भूत करू नका. शिपायाने दगडाला लाथ मारली आणि शाप लागला, हे तर पार चावून चोथा झालंय.

रानवाट : मग उलटं करू. वाघोबाच त्यांना मागे वळवतोय, कारण पुढे कोकणकडा आहे, गडाचा तो सरळ तुटलेला कडा.

तिसरी घंटा : राखणदाराला कोण भिणार? भीतीच गेली की.

डांगाणकर : गेली कशी? चकव्यावर जुना उतारा आहे : होतो तिथेच बसायचं, उजाडेपर्यंत. वाटाड्या बसतो. साहेब म्हणतो, चला. दारू भिजलीय, बंदूक उडणार नाही, मशाल फुरफुरतेय, तरी हुकूम म्हणजे हुकूम. हे मला पटतं. फक्त गडावर क्रेन-जनरेटर चढवायचं स्वप्न सोडा. ते अभयारण्य आहे, अधिवासाला धक्का न लावता चित्रीकरण करायचं असेल तरच परवानगी. पायथ्याची खासगी मालकीची राई बघा.

कानसेन : भूत दाखवा-न दाखवा, लांडग्याची आरोळी तेवढी घालू नका. लांडगा माळरानाचा, त्या दाट झाडीत कुठला? मुसळधार पावसात पक्षीही गप्पच, बेडूक आणि पाणी एवढंच ऐकू येतं. पण एक आवाज वेगळा काढता येतो. पानावर थेंब मऊ पडतो, इरल्यावर, म्हणजे डोक्यापाठीवर घ्यायच्या पानांच्या पावसाळी आडोशावर, टपटप वाजतो. अंधारात आधी नुसती ती टपटप ऐकवा. मग तीच चार पावलं डावीकडे. तुकडीत इरलं कुणाकडेच नाही.