जुन्या जपानी घडीच्या पंख्यावरील शिक्के : काळ कसा ओळखावा, शिक्के काढावेत का?

प्रश्न
आमचे पणजोबा कापसाच्या व्यापारात होते आणि त्या निमित्ताने मुंबईहून कोबे बंदरात जाऊन आले होते, एवढेच घरात ठाऊक आहे. त्यांच्या पेटीत बांबूच्या काड्यांचा एक कागदी पंखा मिळाला. एका बाजूस फुजी पर्वत व तळे रंगवलेले असून दुसरी बाजू लाल-जांभळ्या शिक्क्यांनी आणि शाईच्या अक्षरांनी भरली आहे. एक घडी फाटली आहे. शिक्के फिके करून घेतल्यास पंखा अधिक देखणा दिसेल, असे एका विक्रेत्याचे मत पडले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
शिक्क्यांना कृपया हातही लावू देऊ नये. ते प्रवासात ठिकठिकाणी आठवण म्हणून उमटवून घेतलेले दिसतात. फुजीचे चित्र असलेले पंखे पुष्कळ मिळतात, परंतु कोणी कोणत्या क्रमाने कुठे गेले, हे सांगणारी बाजू आपल्याच पंख्याला आहे. शिक्क्यावर वर्ष असेल, तर आधी सम्राटाच्या राजवटीचे नाव (मेइजी, ताइशो किंवा शोवा) आणि मग आकडा येतो. मेइजीच्या आकड्यात १८६७, ताइशोच्या आकड्यात १९११ आणि शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवले की इसवी सन निघतो. रेल्वे स्थानकावरील स्मरणशिक्क्यांची प्रथा १९३१ मध्ये फुकुई स्थानकापासून सुरू झाली, त्यामुळे तसा शिक्का आढळल्यास पंख्यावरील तो प्रवास त्यापूर्वीचा नाही. आडवा मजकूर उजवीकडून डावीकडे असेल, तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपूर्वीचा असतो.

प्रतिसाद २
आपल्या घरातील आठवणीला इतिहासाचा आधार आहे. जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन या जपानी जहाज कंपनीने १८९३ मध्ये कोबे-मुंबई जहाजमार्ग सुरू केला, तो मुख्यतः कापसासाठीच. पंख्यावर रोमन लिपीत देशाचे नाव छापले आहे का, हेही पाहावे, कारण अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर ते घालावे लागे. मात्र केवळ तेवढ्यावरून काळ ठरवू नये.

प्रतिसाद ३
फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कागदात मुरतो आणि पुढे पिवळा पडतो. या पंख्यांत काड्यांची बारीक टोके कागदाच्या थरांमध्ये सरकवलेली असतात, म्हणून कागद ताठर झाला असताना पंखा जोर लावून उघडल्यास घड्यांवरच चिरा पडतात. दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकदाच नीट काढून ठेवावीत, म्हणजे तो वारंवार उघडावा लागणार नाही. आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. डांबराच्या गोळ्या मात्र कागदाला टेकवू नयेत.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आगगाडीचे चित्र असलेल्या शिक्क्यात शोवा ७, म्हणजे १९३२ हे वर्ष वाचता आले. शिक्के जसेच्या तसे राहतील आणि फाटलेली घडी कागद-संवर्धकाकडूनच दुरुस्त करून घेऊ. उरलेल्या शिक्क्यांची छायाचित्रे इथे देईन. त्यांवरील गावांची नावे कोणाला वाचता आल्यास पणजोबांचा मार्ग नकाशावर आखण्याचा विचार आहे.