कार्बनने सोयाबीन जोमात, मग अळीचं काय?

काळी_माती (औसा)
मंडळी, एका कार्यशाळेत ऐकलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकांना फायदाच, वाढ जोमात होते. मग पानं खाणाऱ्या अळीची भूक वाढणार की घटणार? माझं सगळं सोयाबीनच आहे, म्हणून विचारतोय.

पानकिडा
भाऊ, वाढ होते हे खरं, पण तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. कारखानदारी येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. त्यातून पान साखर आणि पिष्ट भरपूर बनवतं. नत्र मात्र त्या मानाने वाढत नाही. अळीला अंग धरायला नत्रातून बनणारं प्रथिन लागतं, ते मिळेपर्यंत ती खात राहते. हैदराबादला एरंडीवर हे तपासलंय: 550 आणि 700 भागांच्या हवेतली पानं दिल्यावर स्पोडोप्टेराने (पानं खाणारी अळी, सोयाबीनवरही येते) जास्त पानं फस्त केली आणि कोषात जायलाही जास्त दिवस घेतले.

सोयाबीनच्या मुळांवर हवेतला नत्र धरून ठेवणाऱ्या गाठी असतात, त्यामुळे नत्राची तूट तिथे कमी. तरीही मला सोयाबीनचीच जास्त काळजी वाटते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या उघड्या शेतात पिकाभोवती नळ्यांची कडी करून वायू 550 भागांपर्यंत ठेवला. वर जाळी नाही, किडे मोकळे. 2005 मध्ये निष्कर्ष आला: कड्यातल्या पानांचं किडीने केलेलं नुकसान 57 टक्के जास्त. पानातली साखर वाढली होती. पुढे 2008 मध्ये खरी मेख कळली. पान कुरतडलं की झाड एरवी जॅस्मोनिक आम्लाच्या इशाऱ्यावर किड्याचं पचन बिघडवणारी द्रव्यं बनवतं. जास्त कार्बनमध्ये हा इशाराच मंदावतो. जपानी भुंगेरे तिथे जास्त दिवस जगले, अंडीही जास्त घातली.

रानवाट
आमच्याकडे ज्वारी असते. तिलाही हेच लागू का?

पानकिडा
तितकं नाही. ज्वारी, मका, ऊस यांच्या पानात हा वायू आत ओढून दाट करायची सोय मुळातच आहे. त्यामुळे बाहेर वाढला तरी पानाच्या कसात फरक कमी. पाऊस ताणला तर पाणी थोडं वाचतं, एवढाच लाभ.

काळी_माती
म्हणजे यंदाची अळी कार्बनमुळेच?

पानकिडा
नाही, असं म्हणता येणार नाही. एका हंगामाची कीड पाऊस, ढगाळ हवा आणि पेरणीची वेळ यांवर जास्त ठरते. तुम्ही आत्ता पानं उलटून बघा. स्पोडोप्टेराच्या लहान अळ्या घोळक्याने एकाच पानातलं हिरवं खरवडतात, पान पांढुरकं, जाळीदार दिसतं. असं पान दिसलं की अळ्यांसकट तोडून नष्ट करा, आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) आजच लावा.